पंचविसावी विडी

साखर पेठेतल्या विडी कारखान्याच्या शेडमध्ये सकाळी नऊला बायकांची रांग लागे. आदल्या दिवशी घरी वळलेल्या विड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे घेऊन एकेक जण पुढे सरके, आणि चेकर मडिवाळप्पा त्यातली एखादी विडी उचलून दोन बोटांत फिरवे. बावीस वर्षं तो हेच काम करत होता. विडी कुणी वळली हे त्याला न विचारता कळे. कुणाची विडी पोटात फुगते, कुणी तोंड जास्त दाबते. प्रत्येकीचा हात वेगळा, असं तो म्हणे.

गुरुवारी, १० जानेवारी १९७४ रोजी, त्यानं केराबाईच्या कट्ट्यातली एक विडी मोडली. तंबाखूबरोबर ज्वारीचा दाणा बाहेर पडला. हळदीनं पिवळा केलेला.

"केराबाई, तंबाखू पुरंना म्हणून जोंधळं भराय लागला व्हय?"

"भोगी जवळ आली की, अण्णा," रांगेतून कुणीतरी म्हणालं. "केराबाईला देवाचं लगीन आठवाय लागलं."

बायका हसल्या. केरा हसली नाही. तिनं दाणा पदराच्या टोकाला बांधला, घरी आली आणि ज्वारीचा डबा उघडून पाहिला. डब्यात लाल मिलो ज्वारी होती. दुष्काळापासून रेशनवर तीच मिळे. दीड वर्षात त्या डब्यात पांढरा दाणा पडला नव्हता. हा दाणा पांढऱ्या शाळूचा होता आणि त्याची हळद अजून बोटाला लागत होती.

शेजारणीनं भोगीसाठी ज्वारीच्या अक्षता रंगवल्या असतील, एखादा दाणा उडून तंबाखूच्या सुपात आला असेल. केरानं तसं ठरवलं आणि उद्याची पानं भिजत घातली.

शुक्रवारी तीन दाणे निघाले.

शनिवारी मडिवाळप्पानं विडी मोडलीच नाही. फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली. मग एका कट्ट्याचा दोरा सोडून त्यानं विड्या फळीवर ओळीनं मांडल्या.

"पानाची कड बगा. डावीकडनं फिरलीया." त्याचा आवाज खाली आला होता. "ह्या शेडमधी डावरी एकच हुती."

केरा पानांच्या कडा बघत राहिली.

"न्या ह्या घरी," सगळे कट्टे तिच्याकडे सरकवत तो म्हणाला. "मी कुनाच्या म्हणून घिऊ?"

डावरी होती ती गोजर. अडुसष्ट साली कुंभारीहून कामाला आली आणि केराच्या खोलीत राहू लागली. केरा त्याआधीच करकंबचं सासर सोडून आलेली. थोरला भाऊ कुंडलिक यानं घरामागची पत्र्याची खोली तिला दिली होती. दोघी एकाच सुपासमोर बसत. गोजरचा हात चलाख. चोवीस विड्या वळून झाल्या की ती थांबे आणि पंचविसावी केराकडे सोडे.

"ही तुझी. म्हंजी कट्टा दोघींचा."

त्या खोलीत दोघी नवराबायकोसारख्या राहिल्या, आणि हे त्या दोघींनाच ठाऊक होतं. केरा दर सोमवारी सिद्धेश्वराला जाई. गाभाऱ्यासमोर तिची मान वर होत नसे. आपण जशा आहोत तशा ह्या दारात चालतो का, एवढंच तिला विचारायचं होतं. सहा-सात पावलांवर देव असे आणि तोंडातून शब्द फुटत नसे.

गोजरला असलं कोडं पडत नसे. कुंभाराच्या लेकीनं सिद्धेश्वराशीच लग्न करीन म्हणून हट्ट धरला, देव योगी, त्याला संसार करता येईना, म्हणून त्यानं आपला योगदंड पुढे केला आणि तिचं लग्न दंडाशी लागलं. भोगीला सगळं सोलापूर त्याच लग्नाच्या अक्षता टाकतं. ही गोष्ट दोघींनी लहानपणापासून ऐकलेली.

"काठीसंगं लगीन लागतंय," गोजर एकदा म्हणाली. "देवानं तिच्यापायी वाट काढली की. आपल्यापायी काढंना व्हय?"

"तू तर डाव्या हातानं टाकणार. डाव्या हाताच्या अक्षता चालतात का कुटं?"

"हात त्यानंच दिलाय न्हवं?"

ठरलं ते असं. एकाहत्तरच्या भोगीला देवळाजवळच्या सम्मती कट्ट्यासमोरच्या गर्दीत उभं राहायचं. सम्मतीचं, म्हणजे देवाच्या मंगलाष्टकांचं, वाचन संपून शेवटचा शब्द आला की लोक देवाच्या लग्नाच्या अक्षता उधळतात. त्याच क्षणी दोघींनी एकमेकींच्या डोक्यावर टाकायच्या.

गोजरनं टाकल्या. केरानं मूठ उचलली, आणि समोर तळ्याच्या भिंतीवर उभा असलेला कुंडलिक तिला दिसला. यात्रेच्या पांढऱ्या बाराबंदीत, तिच्याकडेच बघणारा. मूठ उघडली नाही.

घरी येऊन तिनं मुठीतल्या अक्षता ज्वारीच्या डब्यात परत टाकल्या. तशा टाकायच्या नसतात, हे तिला माहीत होतं. चार दिवसांत ते दाणे दळले गेले आणि दोघींनी त्यांची भाकरी खाल्ली. भाकरी किंचित पिवळी होती. गोजरनं काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी, दुष्काळात, गोजर क्षयानं गेली. दवाखान्यात शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझं डोस्कं कोरडंच राह्यलं बग."

त्यानंतर केरा देवळात गेली नाही. देव नाही म्हणाला असता तर तिनं सोसलं असतं. नाही तिनं स्वतः म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी तिनं परत आणलेल्या सगळ्या विड्या मोडल्या. डावीकडून वळलेल्या प्रत्येक विडीत एक दाणा होता. ते सगळे मिळून एक मूठ भरली. एकही जास्त नाही. तिला भीती वाटली नाही. ती दमली होती. दीड वर्ष एकटीनं कट्टे पुरे करून दमली होती.

रविवारी भोगी. सकाळी तिनं एका कट्ट्यापुरती पानं कापून सुपात ठेवली, शेजारी तंबाखू आणि दोरा ठेवला, निघालेले दाणे पदरात बांधले, एकही विडी न वळता खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

तळ्याकाठी ऊन चढलं होतं. गर्दीत तिला तीच जागा सापडली. समोर भिंतीवर, तिथंच, बाराबंदीत कुंडलिक उभा होता. त्यानं काही ओळखलं तर डोक्यावरचा पत्रा जाणार, हे तिला कळत होतं.

वाचन सुरू झालं. मुठीतले दाणे ओले लागत होते. घाम असेल.

डाव्या बाजूला, गर्दी इतकी असूनही, एका माणसाची जागा मोकळी होती. मागचे लोक रेटत होते, पण त्या जागेत कुणी सरकत नव्हतं.

शेवटचा शब्द आला.

केरानं मूठ उघडली. डावीकडे, आपल्या कानाच्या उंचीवर, गोजरचं डोकं जिथवर यायचं तिथं, तिनं अक्षता टाकल्या.

सगळीकडून दाणे बरसत होते. तिचे कुठे पडले ते दिसलं नाही.

भिंतीवरून कुंडलिक बघत होता. ह्या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

दिवेलागणीच्या आधी तो आला. केरा नुकतीच पोचली होती, कुलूप काढून उंबऱ्याच्या आत उभी होती. अंगावरची बाराबंदीही त्यानं बदलली नव्हती.

"केरे, तुज्या शेजारी कोन हुती?"

"का, दादा?"

"तोंडावर पदर हुता. खेटून उभी हुती तुला. देवाकडं टाकायच्या सोडून तू तिच्या डोस्क्यावर अक्षता टाकल्यास." तो थांबला. ओठ पुसले. "एक बी दाणा खाली पडला न्हाय, केरे. मी बगतच हुतो. समद्या डोस्क्यावर राह्यल्या."

"मग?"

"मग तिनं तुज्यावर टाकल्या. डाव्या हातानं." तो तिच्या केसांकडे बघत होता. "कोन ती?"

केराला वाटलं होतं, हे सांगताना आवाज फुटेल. फुटला नाही.

"माजं मानूस हाय, दादा."

कुंडलिक रागावला नाही. हात जोडल्यासारखे झाले, आणि तो पाठ न दाखवता, एकेक पाऊल मागे टाकत, देवळातून निघतात तसा अंगणातून निघून गेला.

केरानं केस झटकले. दाणे जमिनीवर पडले. हळद ओली होती.

मग ती सुपाकडे वळली. कात्री सुपाच्या डाव्या बाजूला होती. सकाळी कापलेल्या पानांपैकी एकच उरलं होतं, आणि चिमूटभर तंबाखू. विड्या ओळीनं लावलेल्या होत्या. पानांच्या कडा डावीकडून फिरलेल्या.

तिनं मोजल्या. चोवीस.

ती खाली बसली, उरलेलं पान उचललं, पंचविसावी वळली आणि कट्टा बांधला.