डेसची खिडकी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. बॉस्टनजवळच्या एका विद्यापीठात, एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरात. साडेचारलाच अंधारून आलं होतं.

नोरीन तिसऱ्या मजल्यावर काम करायची, तिचा नवरा डेस तळमजल्यावर. तिथल्या कॉम्प्युटरांची गंमत अशी, की प्रोग्रॅम चालायचा एकाच्या मशीनवर आणि त्याची खिडकी उघडायची दुसऱ्याच्या स्क्रीनवर. फक्त त्या दुसऱ्याने परवानगी दिलेली हवी. नोरीनने डेसला ती कायमचीच देऊन टाकली होती.

घरी निघायची वेळ झाली की डेस खालून दोन डोळे पाठवायचा. गोल, पांढरे, माऊस जाईल तिकडे बघणारे. म्हणजे, कोट घाल, चल.

"थांब रे, पाचच मिनिटं," ती स्क्रीनलाच सांगायची.

ऑक्टोबरात डेस गेला. बसल्या जागी.

डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी सिस्टिम सांभाळणारा लू तिच्या दारात आला.

"नोरीन, डेसच्या मशीनची परवानगी काढून टाक गं. एखादा टवाळ त्या नावाने घुसायचा."

"मशीन तर तूच उचलून नेलंस ना?"

"तळघरात पडलंय. डिस्कसुद्धा काढलीय."

"बरं बाबा, काढते. जा, तुझी कॉफी गार होतेय."

तो गेला. तिने कीबोर्डवर बोटं ठेवली. आणि...

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक खिडकी उघडली.

दोन डोळे.

"लू! असली थट्टा करतात का रे?"

कॉरिडॉरमध्ये कुणीच नव्हतं.

तिने माऊस हलवला. डोळे ढिम्म.

ती उठली, खुंटीवरच्या कोटाकडे गेली...

डोळे तिच्यामागोमाग वळले.

नोरीन घाबरली नाही. तिला रडूच कोसळलं. "आले, डेस, आले," म्हणत तिने घाईघाईने कोट चढवला. लॉगआउट करायला वाकली...

आणि थांबली.

लॉगआउट केलं की सगळ्या खिडक्या बंद होतात. रोज व्हायच्या. तेव्हा खाली जिन्यापाशी डेस उभा असायचा.

सकाळी लूने स्वतःच परवानगी काढली. पण तेवढ्याने फक्त नव्याने येणारा अडतो. आधीच आत आलेला तसाच राहतो, खिडकी बंद होईपर्यंत. तो प्रोग्रॅम चाललाय कुठून, हेही लूने शोधलं. मशीनचं नाव निघालं डेसच्याच. तळघरात उतरायची हिंमत त्याला आजवर झालेली नाही.

मार्चमध्ये बर्फ वितळला, तरी नोरीनचा कॉम्प्युटर लॉगआउट न करता चालूच होता. रोज संध्याकाळी ते डोळे कोटाकडे वळायचे. आणि दारातून लूला तिचा आवाज ऐकू यायचा, अगदी विनवणीचा.

"थांब रे... पाचच मिनिटं."