स्प्रिंगवरचा हात

"लीअ‍ॅनची गाडी वळताना कुरकुरायची. तेवढंच काम होतं," लेस म्हणाला आणि ड्रममधल्या जाळात एक ओंडका टाकला. "माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. पटत नसेल तर घरी जा."

टॅश आणि तिचा मावसभाऊ ब्रोडी घरी गेले नाहीत. ऑगस्ट म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, थंडी हाडात शिरत होती, आणि जाळही लेसचा होता, बिअरही लेसची. लेस टॅशचा मामा. गावातला एकुलता एक टोइंगचा ट्रक त्याचा. टॅशने मेकॅनिकचा कोर्स अर्धवट सोडला तेव्हापासून तो तिला उठताबसता अक्कल शिकवायचा. म्हाताऱ्यांना जाळ आणि ऐकणारी दोन माणसं मिळाली की ते आपलं शहाणपण काढतात, हे तिला पाठ होतं. आज मात्र त्याने शहाणपण काढलं नाही.

त्याने सांगितलं ते असं.

गेल्या वर्षी सतरा जूनला, मंगळवारी संध्याकाळी, लीअ‍ॅन आपली गाडी बापाच्या, म्हणजे ग्रॅहम प्रुइटच्या गॅरेजात घेऊन आली. स्टीअरिंग फिरवलं की पुढच्या डाव्या बाजूला आधी कुरकुर व्हायची आणि मग टण्णकन ठोका पडायचा. सकाळी मुलाला घेऊन तिला डब्बो शहरात जायचं होतं.

"सिओने असता तर कधीच झालं असतं हे," ती म्हणाली.

"सिओने असता तर घाईघाईत काहीतरी करून ठेवलं असतं. घाईनेच गेला ना तो."

लीअ‍ॅनने गाडीची चावी त्याच्या हातात दिली. नवरा स्वतःच्या घाईने मेला, ही गोष्ट दोन वर्षं तिला ऐकवली जात होती. आता ती सहा वर्षांच्या पोरालाही तीच सांगायची. तुझे बाबा चांगले होते रे, पण आजोबांचं ऐकायचे नाहीत.

खरं काय झालं, ते ग्रॅहमला माहीत होतं.

शॉकअपच्या डोक्यावरचं माउंट, म्हणजे वरची रबरी बैठक, काढायचं तर आधी स्प्रिंगला दोन बाजूंनी शिकंजे लावून ती दाबून धरायची, मग वरचा नट सोडायचा. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. ग्रॅहम शिकंजे लावायचा नाही. स्प्रिंग आडवी टाकायची, दुसऱ्याला तिच्यावर गुडघे रोवून बसवायचं आणि आपण हवेच्या गनने नट उडवायचा. तीस वर्षं जमलं, कारण तीस वर्षं गावातल्या स्प्रिंगा म्हाताऱ्या आणि मेलेल्या होत्या. त्या दिवशीची स्प्रिंग खराब रस्त्यांसाठी मुद्दाम मागवलेली होती, नवी, उंच, कडक. आदल्या दिवशी ग्रॅहमनेच तिच्यावर माउंट उलटं बसवलं होतं, म्हणून ते पुन्हा उघडायचं होतं.

"ही जुनी नाहीये," सिओने म्हणाला होता. "शिकंजे लावू."

"तुमच्या त्या टोंगा बेटावर लावा शिकंजे. एवढा रेड्यासारखा देह कशाला दिलाय देवाने? बस."

जावई बसला. सासऱ्याने गन दाबली.

स्प्रिंग हनुवटीखाली लागली. सिओनेचा श्वास चालू होता. ग्रॅहमने भिंतीवरचे शिकंजे काढून त्याच्या शेजारी ठेवले, गन त्याच्या उजव्या हातात दिली, एकेक बोट तिच्याभोवती वळवलं. मग हात धुतले. मग फोन केला.

"ह्याला काय शिक्षा झाली?" ब्रोडीने विचारलं.

"शिक्षा? गावाने त्याला जेवणाचे डबे आणून दिले," लेस म्हणाला. "बिचाऱ्याच्या डोळ्यांदेखत जावई गेला म्हणून."

टॅशने बिअर खाली ठेवली.

तर, त्या मंगळवारी ग्रॅहमने लीअ‍ॅनच्या गाडीचं काम नीट केलं. शिकंजे लावून केलं. आता तो शिकंजे लावायचा. जुनं फाटलेलं माउंट काढून भक्कम नवं बसवलं, स्प्रिंगच्या टोकांना रबरी नळी चढवली, बेअरिंगला ग्रीस भरलं. अंगणात स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. चिडीचूप. रात्री पावणेदहाला तो गाडी तपासायला बाहेर पडला. गावाबाहेर लाटालाटांचा कच्चा रस्ता आहे, गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपर्यंत सात किलोमीटर. गाडीतला कुठलाही आवाज त्या रस्त्यावर लपत नाही.

जाळीपर्यंत काही आवाज आला नाही. ग्रॅहम खूश झाला. गाडी वळवली.

परत येताना सरळ रस्त्यावर, स्टीअरिंग जराही न फिरवता, टण्ण.

त्याने शिवी दिली. थोडं पुढे गेला. टण्ण.

गाडी थांबवली. स्टीअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, म्हणजे मडगार्डच्या आत हात जाईल. इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. ही तपासणी दोघांनी करायची असते. एकाने आत बसून स्टीअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवून अडकतंय कुठे ते बोटांनी ओळखायचं. हात घालायचं काम ग्रॅहमने कधीच केलं नव्हतं. ते सिओनेचं.

बॅटरी दातांत धरून तो गुडघ्यांवर बसला. हात घातला. दोन वेढ्यांच्या मधे बोटं सरकवली. गार लोखंड. सगळं जागच्या जागी.

मग स्प्रिंग हलली.

किंचित. आत कुणीतरी स्टीअरिंगला हात लावावा, इतकीच.

"कोण आहे?"

काच धुरकटलेली. गाडी रिकामी.

आणि गाडी बसली. हळूच. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर एखादा दांडगा माणूस चढून बसावा, तशी. वेढे जवळ आले. बोटं...

तो ओरडला. बॅटरी पडली, विझली. सात किलोमीटरमध्ये ऐकणारं कुणी नाही. फोन सीटवर.

चाक फिरू लागलं. डावीकडून उजवीकडे. सावकाश. बोटांवरून स्प्रिंग पिळत गेली. उजवीकडून डावीकडे. पुन्हा.

"सिओने..."

चाक थांबलं.

अंधारात नुसती शांतता.

"सिओने, मी बसवलं तुला. गन मी दाबली."

चाक फिरलं नाही. स्प्रिंग जराशी सैल झाली. हात निघेल इतकी नाही. दुखणं कळावं इतकी.

"गन तुझ्या हातात मी दिली. पण तूसुद्धा नाही म्हणायला हवं..."

चाक फिरू लागलं.

त्याला कळायला वेळ लागला. खरं बोललं की थांबायचं. 'पण' म्हटलं की फिरायचं. सत्तर वर्षांचा माणूस. जन्मभर प्रत्येक वाक्यात 'पण' घालून जगलेला. रात्रभर त्याच्या तोंडातून ते येत राहिलं. चाक फिरत राहिलं.

सकाळी सहा वीसला लेस ट्रक घेऊन त्या रस्त्याने चालला होता. ग्रॅहम चाकाला टेकून गुडघ्यांवर होता, हात मडगार्डमध्ये कोपरापर्यंत. पोराने धडा म्हणावा तसा पुटपुटत होता. मी बसवलं. मी दाबली. तो जिवंत होता. लेसने गाडी जॅकवर घेतली. हात बाहेर आला. त्याच्या चार बोटांची... ते राहू दे.

ट्रकमध्ये ग्रॅहमने सगळं सांगितलं. दवाखान्याच्या दारात मात्र तो नर्सला म्हणाला, "जॅक सटकला." लीअ‍ॅन धावत आली तेव्हा तिलाही तेच. तिने बापाचा दुसरा हात धरला आणि रडली. म्हणाली, माझ्याच गाडीमुळे झालं.

लेस थांबला. ड्रममधली लाकडं तडतडली.

"मग तू तिला सांगितलंस ना?" टॅशने विचारलं.

लेसने ड्रममध्ये आणखी एक ओंडका टाकला.

"लेस."

"सिओने डावखुरा होता," लेस म्हणाला. "तो गेला त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी मी पोचलो होतो. गन उजव्या हातात होती."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत आहे."

"ग्रॅहम आणि मी चाळीस वर्षं..."

"तीन वर्षं ती बाई पोराला सांगतेय की तुझा बाप मूर्ख होता. आणि तू शेकोटीला बसून त्याची गोष्ट करतोस. जाळ घालून. बिअर देऊन."

"टॅश, जाऊ दे ना," ब्रोडी पुटपुटला.

"तुम्हा म्हाताऱ्यांचं सगळं असंच. आधी माणूस मारायचा, मग आम्हाला अनुभव शिकवायचे."

तिने जॅकेट उचललं. लीअ‍ॅनचं घर तीन गल्ल्या पुढे होतं, स्वयंपाकघरात दिवा होता. लेसने तिला अडवलं नाही. मान वर न करता म्हणाला, "जातेस तर हेही सांग तिला. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही."

टॅश फाटकापाशी थांबली.

"चावी मी स्वतः ग्रॅहमच्या खिशातून काढली. स्टीअरिंग कुलूपबंद होतं, चावी काढल्यावर होतं तसं, पूर्ण डावीकडे, मला तसूभर हलवता आलं नाही. आणि त्या चाकाखाली..."

"काय?"

"नवा टायर होता. पार घासून तारा निघाल्या होत्या. खाली वीतभर खोल खड्डा, इकडून तिकडे, इकडून तिकडे कोरलेला. सगळ्या माळावर पांढरं दहिवर गोठलं होतं, टॅश. बुटाखाली कुरकुर वाजत होतं. मी त्या खड्ड्यात हात घातला..."

त्याने तळहात जाळासमोर धरला.

"माती गरम होती."