जिन्यातल्या पाच किल्ल्या

"ही चौथी!" ढापण्याने जुन्या बुटातून किल्ली बाहेर काढली. भिंगरीने घड्याळात पाहिलं. अजून दहा मिनिटंही झाली नव्हती.

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि हे दोघे भर दुपारी चोर झाले होते. चोरी करायला नव्हे, चोर कसा विचार करतो ते समजून घ्यायला. भिंगरीला ते करणं भागच होतं. तिची आई या इमारतीत धुणीभांडी करायची. गेल्या आठवड्यात तीन नंबरचं घर बंद असताना तिथले दागिने गेले. कुलूप शाबूत, दार किल्लीने उघडलेलं, आणि त्या घराची एक किल्ली आईकडे असायची. झालं! सेक्रेटरीकाकांनी जिन्यात, सगळ्यांसमोर तिला सुनावलं, "चोर सापडेपर्यंत तू कामाला येऊ नकोस." तेव्हापासून भिंगरीला राग आवरत नव्हता, आणि तो आवरायची तिची इच्छाही नव्हती.

"आता पाचवी," चष्मा सावरत ढापण्या म्हणाला. तो याच इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहायचा.

"असं समज, आपण विसराळू आहोत आणि स्वतःला फार शहाणे समजतो. मग किल्ली कुठे ठेवू?"

ढापण्याने वर पाहिलं आणि लाइटच्या मीटरवर हात फिरवला. हाताला आधी धूळ लागली, मग किल्ली. दार सेक्रेटरीकाकांचंच होतं.

भिंगरीने बेल दाबली आणि पाचही किल्ल्या काकांपुढे धरल्या. काका लालबुंद झाले.

"उद्योगी कार्टी! लोकांच्या वस्तूंना हात लावता?"

"काका, आम्हाला दहा मिनिटं लागली. चोराला सराव असतो, त्याला कमी लागतील," भिंगरी म्हणाली. "आणि ही बघा तीन नंबरची. कुंडीखाली होती. कुणीही घेतली असती."

"आणि कुठलं घर कधी रिकामं असतं, ते बाहेरच्या कुणाला स्वप्नात दिसतं का? माहीतगार बाईलाच..."

"माझ्या आईबद्दल बोलताय. नीट बोला."

दार धाडकन बंद झालं.

प्रश्न मात्र बरोबर होता. दोघे खालच्या पायरीवर विचार करत बसले. समोर काकांचा लाडका फलक होता. त्यावर बाहेरगावी जाणाऱ्यांची यादी: घर नंबर, जाण्याचा दिवस, परतण्याचा दिवस. दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला निरोप द्यायचा त्रास वाचावा म्हणून काकांनी ही सोय केली होती.

"अरे, ही तर चोराला आमंत्रणपत्रिका आहे," भिंगरी पुटपुटली.

"काकांना सांगूया?"

"पुन्हा? मुळीच नाही. आता दाखवूया."

ढापण्याची आत्या याच इमारतीत राहायची आणि दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून दिवसा झोपायची. तिने सगळं ऐकून घेतलं. "माझी झोप मोडणार असाल, तर चोर सापडायलाच हवा," ती म्हणाली. "पण तो आत गेल्याशिवाय कुणी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

यादीत नवी ओळ आली: घर नंबर आठ, मंगळवार ते शुक्रवार. आठ नंबर म्हणजे आत्याचंच घर. किल्ली दाराबाहेरच्या बुटात ठेवली आणि तिघं समोरच्या आजींच्या घरात जाऊन बसले.

मंगळवार नुसता माश्या मारण्यात गेला. बुधवारी सकाळी अकराला जिन्यात पावलं वाजली. भिंगरीने दारावरच्या इवल्याशा काचेला डोळा लावला. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा माणूस! इमारतीत त्याची नेहमीची ये-जा. त्याने आठ नंबरची बेल दाबली. थांबला. पुन्हा दाबली.

"आत कुणी नाही ना, खात्री करतोय," ती कुजबुजली.

मग त्याने पायपुसणं उचललं, कुंडी हलवली आणि बुटात हात घातला. दार उघडून तो आत शिरला. आत्या पोलिसांना फोन लावत होती. भिंगरी अनवाणी धावली आणि तिने बाहेरून कडी घातली. कडी घट्ट बसली.

थोड्या वेळाने आतून धक्के सुरू झाले. "दार उघडा, फिल्टर दुरुस्तीला आलोय!"

"आत्याकडे फिल्टरच नाही," ढापण्या ओरडला.

संध्याकाळपर्यंत पोलिसांना त्याच्या खोलीत तीन नंबरचे दागिने सापडले. फलक वाचूनच घरं निवडायचो, हे त्याने कबूल केलं. काकांनी यादी स्वतःच्या हाताने फाडली आणि भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! मोठ्यांना सुचलं नाही ते तुम्ही केलंत."

"शाबासकी नंतर द्या, काका. आईला जिथे बोललात, तिथेच तिची माफी मागा."

आईला बोलावणं गेलं. जिना माणसांनी भरला. काकांनी दोनदा घसा खाकरला. "चूक झाली, ताई. तुमच्यावर उगाच आळ घेतला. उद्यापासून कामाला या."

आईने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशी यातलं कुणीही तिच्या बाजूने बोललं नव्हतं.

"माफ केलं," ती म्हणाली. "पण येईन सोमवारी. मुलांना सुट्टी आहे, तशी मलाही हवी. तोवर आपापली भांडी घासा."