चौथ्या भागातला कंदील

झाशी जिल्ह्यातल्या एरच पोलीस ठाण्याचा फोन आला तेव्हा अलकनंदा पीठ चाळत होती. पलीकडच्या दरोगाने, म्हणजे तिथल्या फौजदाराने, दोनच वाक्यं सांगितली. अंबरीश नावाचा तरुण नदीकाठच्या पडक्या गढीत, तळघरातल्या कोरड्या विहिरीत सापडला आहे. जिवंत आहे, पण कमरेखाली काहीच हलत नाही.

बहीण गेल्यावर या भाच्याला तिने नवव्या वर्षापासून वाढवलं होतं. चाळणी तशीच टाकून तिने दिवाकररावांना फोन लावला. दोघांनी तीस वर्षं झाशीतल्या एकाच कारखान्यात काढली होती. ती तपासणी विभागात, ते ड्रॉइंग ऑफिसात. वीस मिनिटांत ते गाडी घेऊन दारात आले.

एरचपर्यंत त्यांनी गाडी कुठेही थांबवली नाही. गेल्या साली त्यांचा एकुलता एक मुलगा आशय बेतवा नदीत बुडाला, तेव्हापासून ते कुणाशीच फार बोलत नसत.

ते पोचले तोवर बेशुद्ध झालेल्या अंबरीशला झाशीच्या इस्पितळात हलवून झालं होतं, पण अलकनंदा आधी गढीत उतरली. बकऱ्या चारणाऱ्या एका बाईला त्याचं कण्हणं ऐकू आलं, म्हणून तो वाचला होता. दीड दिवस तो त्या विहिरीत पडून होता; व्हिडिओसाठी तो असा बाहेर असायचाच, म्हणून तिला शंका आली नव्हती. दरोगा म्हणाला, ये लड़के वीडियो बनाने आते हैं, पैर फिसल गया होगा.

अलकनंदाने विहिरीचा काठ पाहिला. बकरीवाली म्हणाली, विहिरीवर कायम फळ्या असत. त्या फळ्या आता भिंतीशी उभ्या होत्या. एकीला एक लावून, कडा जुळवून.

"घसरणारा माणूस आधी फळ्या काढून रचून ठेवत नाही," ती दरोगाला म्हणाली. त्याने खांदे उडवले.

परतताना, "ज्याने हे केलं," ती दिवाकररावांना म्हणाली, "त्याला मी सोडणार नाही. पोलिसांनी सोडला तरी मी सोडणार नाही."

त्यांनी समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही. "सोडूही नये," ते म्हणाले.

अंबरीश 'लास्ट लँटर्न' नावाच्या व्हिडिओ गेमचा वेडा होता. हातात कंदील घेऊन खजिने शोधत फिरणाऱ्या एका बाईची ही साहसमालिका, आतापर्यंत चार भाग आलेली. कुठला भाग सरस, कुठला फसला, कुठल्या भागातलं कोडं कुठून चोरलं, याची चिरफाड करणारं त्याचं यूट्यूब चॅनल होतं. बोलणं जहरी. ऐकणारे लाखभर, आणि दुखावलेलेही कमी नव्हते.

त्याच्या कपाटात तिला तीन पितळी नाणी आणि तीन नकाशे मिळाले. प्रत्येक नकाशा मोठ्या कागदावर छापलेला, पंख्यासारख्या घड्या घालून उजवा खालचा कोपरा वर राहील असा मिटलेला, खाली हिंदीत कोडं. नकाशे टपालाने आले होते. वहीत अंबरीशने लिहून ठेवलं होतं: 'पाचव्या भागाची जाहिरात आहे ही, नक्की. कंपनीने खरा खजिना लपवलाय. तीन कोडी सुटली, तीन नाणी मिळाली. चौथा नकाशा मिळेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही.'

तिने कंपनीला मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, असा कुठलाही उपक्रम आम्ही राबवलेला नाही.

म्हणजे कुणीतरी त्याचं वेड ओळखून गळ टाकला होता.

डूख धरण्यासारखी दोन माणसं तिला ठाऊक होती. दोघंही इलाइट चौराह्यावर एकाच ठिकाणी भेटणार होती. श्यामसुंदरजींचं तिथे गेमचं दुकान होतं. ते नकली डिस्क विकतात असं अंबरीशने चॅनलवर सांगितलं आणि दुकान ओस पडलं. तिथेच बसणारा आदित्य बबिना छावणीतल्या एका सुभेदाराचा सव्वीस वर्षांचा मुलगा. चॅनलवर दोन वर्षं तो अंबरीशच्या जोडीला होता, होळीनंतर त्याला काढून टाकलं होतं.

दिवाकरराव बरोबर आले. मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही एकट्या नको, असं म्हणाले.

श्यामसुंदरजींनी काहीच लपवलं नाही. त्याचं वाईट व्हावं असं रोज वाटायचं, पण एरचला जाऊन पाच वर्षं झाली, असं त्यांनी सांगितलं. मग ती आदित्यकडे वळली.

"तुझा राग होता त्याच्यावर?"

"होता, मौसी. अजून आहे."

"हे नकाशे बघ. कुणी केले असतील?"

त्याने ते पसरले आणि बराच वेळ पाहिले. त्याचं मराठी अडखळत होतं, पण गेमबद्दल बोलताना जीभ सुटली. "ज्याने बनवले त्याने चारही भाग नीट खेळलेत. हे पहिलं कोडं पहिल्या भागासारखं आहे, कंदील दगडाजवळ नेला की अक्षरं दिसतात. दुसऱ्यात सावली पाडायची. तिसऱ्यात उजेडाचं कामच नाही, घंटा तीनदा वाजवायची. नकल नाहीये ही, मौसी. समझ के किया है."

"आणि चौथ्या भागात काय असतं?"

"दाखवतोच." त्याने पडद्यावर चौथा भाग लावला. जंगल, भुयार, भुयारात अरुंद पूल. ती बाई कंदील उंच धरून पुलाशी थांबली.

"आता विझवायचा," मागून दिवाकरराव पुटपुटले.

आदित्य हसला. "नाही, काका. विझला की ती मेली. हा पेटताच ठेवून पार करायचा, म्हणून तर हा भाग सगळ्यात सोपा."

दिवाकररावांनी मान हलवली आणि चष्मा पुसला.

पाचव्या दिवशी दरोगाने अंबरीशचे कपडे पाठवले. पँटच्या खिशात चौथा नकाशा होता, तसाच मिटलेला. गढी, तळघराचा जिना आणि खाली एक ओळ: 'दिया बुझाओ। अंधेरे में सात कदम सीधे।'

विहीर पाचव्या पावलावर होती.

तिने ती ओळ फोनवर आदित्यला वाचून दाखवली. तो गोंधळला. असं कोडं चौथ्या भागात नाहीच, कुठल्याच भागात नाही, म्हणाला. मग अंबरीशने त्यावर विश्वास कसा ठेवला? चारही भाग कोळून प्यायलेला माणूस, त्याला खोट लगेच कळायला हवी होती.

त्या दुपारी अंबरीश शुद्धीवर आला. तिने कपाळावरून हात फिरवला आणि तेवढंच विचारलं.

"ते कोडं बाजारातल्या चौथ्या भागात नाही, मावशी," तो कष्टाने म्हणाला. "बाजारात येण्याआधी काही जणांना दिलेल्या चाचणीच्या प्रतीत होतं. नंतर काढून टाकलं. म्हणून तर मला पटलं, की हे कंपनीकडूनच आलंय."

"चाचणीची प्रत झाशीत कुणाकुणाला मिळाली होती?"

"मला." त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "आणि आशयला."

त्याने चादर डोक्यावर ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दतिया गेटजवळ दिवाकररावांच्या घरी गेली. त्यांनी चहा टाकला. तिने चारही नकाशे टेबलावर मांडले आणि त्यांच्यासमोर बसली.

"दिवाकरराव, मी सांगते, तुम्ही ऐका. चूक असेल तिथे थांबवा.

"या घड्या पाहा. कारखान्यात ड्रॉइंग अशीच मिटतात, नाव-नंबराचा कोपरा वर. तीस वर्षं रोज हातात घेतलेली घडी, म्हणून मला दिसलीच नाही. काल दिसली. पण अशी घडी शंभर जण घालतील, म्हणून तेवढ्याने मी आले नसते.

"चौथं कोडं फक्त चाचणीच्या प्रतीत होतं. श्यामसुंदरजींनी ती पाहिलेली नाही, आदित्यला तर असं काही असतं हेच ठाऊक नाही. ती प्रत होती अंबरीशकडे आणि आशयकडे. आशय नाही. पण त्याचं मशीन, त्याचा लॅपटॉप, या घरात आहे.

"आणि दुकानात ती बाई पुलाशी थांबली, तेव्हा तुम्ही म्हणालात, आता विझवायचा. तोपर्यंत हा चौथा नकाशा तुमच्या-माझ्या कुणाच्याच नजरेला पडला नव्हता. ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याला कंदील विझवायचा हे कसं कळलं?"

चहा उतू गेला. त्यांनी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले.

"कुठेच चूक नाही," ते म्हणाले. "तुमच्या तपासणीत कधी नसायचीच."

"का केलंत?"

"तो चौथा भाग बाजारात येण्याआधीच त्याची दृश्यं फुटली होती, आठवतं? आशयच्या मशीनवरून गेली होती. पुण्याच्या कंपनीतली त्याची पक्की झालेली नोकरी गेली, वर गेमवाल्यांची कायदेशीर नोटीस आली. तो मला सांगत राहिला, बाबा, मी नाही केलं. मी म्हटलं, तुझ्या मशीनवरून गेलं ना, मग कुणी केलं?" ते थांबले. "आशयला उत्तम पोहता यायचं, अलकाताई."

तिने टेबलावरचे नकाशे एकावर एक ठेवले.

"तो गेल्यावर मी ते मशीन उघडलं. दृश्यं पाठवल्याची तारीख पाहिली. त्या दिवशी आशय माझ्याबरोबर ग्वाल्हेरला होता. घराची किल्ली अंबरीशकडे दिली होती, झाडांना पाणी घालायला. आधी फोडायचं, मग आपल्याच चॅनलवर त्याची चर्चा करून गर्दी जमवायची. नाव आशयचं. मग मी आठ महिने तो गेम खेळलो. चारही भाग. कुठल्या भागात माणूस कशाला भुलतो, ते शिकलो. शेवटचं कोडं मुद्दाम ते घेतलं. फुटलेल्या दृश्यांत ते नव्हतं, फक्त त्या प्रतीत होतं, त्याने ओळखायलाच हवं होतं."

"माझ्याकडे यायचं होतं तुम्ही."

"तुम्ही भाच्याला सोडून दिलं असतं."

ती उठली. गल्लीच्या तोंडाशी दरोगा गाडी लावून थांबला होता. त्याला तिनेच बोलावलं होतं. दिवाकररावांनी खिडकीतून ते पाहिलं, आत जाऊन सदरा बदलला आणि आशयच्या मशीनची पिशवी तिच्या हातात दिली. पायात जोडे घालताना त्यांनी विचारलं, पायांना काही कळतं का त्याच्या? ती म्हणाली, नाही. ते तसेच वाकून राहिले, मग सावकाश उभे राहिले.

"तुम्हाला सोडणार नाही, असं मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "त्यालाही सोडणार नाही."

गाडी गेली. ती रिक्षाने थेट इस्पितळात आली. अंबरीशने तिच्या हातातली पिशवी पाहिली आणि ओळखली. मावशी, ऐक तरी, म्हणून तो रडू लागला. तिने त्याचे डोळे पुसले नाहीत. त्याचा फोन काढून पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, त्याचा चेहरा पडद्यात नीट येतो का ते पाहिलं आणि चित्रण सुरू केलं.

"तुझ्या लाखभर लोकांना सांग," ती म्हणाली. "ग्वाल्हेरच्या दिवसापासून सुरू कर. काही वगळलंस तर मी आहेच इथे."