लाल डोळ्याचा पक्षी

पैज अगदी फालतू होती. शेजारच्या रफूदादानं दुरुस्तीला आलेल्या गालिच्यातली चूक जेवायच्या आत शोधायची. नाही सापडली, तर त्याच गालिच्यात गुंडाळून त्याला चौकात लोळवायचं. सापडली, तर मला. न्हावी पंच.

"हाताच्या विणीत एक गाठ मुद्दाम चुकवतात," रफूदादा अर्धी भुवई उडवत म्हणाला. डावी अर्धीच होती त्याची. लहानपणी रंगाच्या कढईनं खाल्लेली.

"कशाला?"

"सगळं बिनचूक झालं की बाहेरची वाट बुजते."

"कुणाची?"

"ते आजोबांनी नाही सांगितलं."

वहिनीनं आतून हाक मारली, तसा तो उठला. मी लगेच काठ धुंडाळला. निळ्या पक्ष्यांची रांग, सगळ्यांचे डोळे काळे. एकाचाच लाल. टवाळक्या करायला त्याच्या याच दुकानात बसून बसून गाठ मारायला मीही शिकलो होतो. लाल उपटली, काळी मारली, कात्रीनं लोकर सारखी केली. हसू दाबून पोट दुखायला लागलं.

लोकर बोटाला कोमट लागली. उन्हानं असेल, म्हटलं. दुकानात ऊन येत नाही.

रफूदादानं गालिचा सुलटा बघितला, उलटा बघितला. आधी शीळ घालत. मग शीळ थांबली.

"यात चूक नाही," तो म्हणाला.

"मग हरलास."

"हरलो. पण दुसऱ्या कशात तरी गुंडाळा मला."

"पळवाट चालणार नाही हां," न्हावी म्हणाला.

खरं सांगून टाकावं, असं ओठावर आलं होतं. पण अख्खा चौक जमलेला, आणि गंमत आत्ता कुठं रंगात येत होती.

गुंडाळला. लोळवला. आतून मला मनसोक्त शिव्या येत होत्या, लोक खिदळत होते.

मग शिव्या येईनाशा झाल्या.

घाईनं उलगडला.

रफूदादा उठला, कपडे झटकले, सगळ्यांकडे बघून गोड हसला. टाळ्या पडल्या.

दोन्ही भुवया पूर्ण होत्या.

"चल घरी," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग ती खाली बसली, पक्ष्यांच्या रांगेला कान लावला.

आणि तिनं ओ दिली.