रुसलेली बोगनवेल आणि रिगोमामाची ताडपत्री

"ओढ की रे! खाली ओढ!"

"ओढतोय! पतंग येत नाहीये, माझं कातडं येतंय!"

एलीसेओ जुन्या मठाच्या पडक्या भिंतीवर पोटावर आडवा झाला होता आणि त्याचा पतंग बोगनवेलीच्या काट्यांत अडकला होता. नोव्हेंबरची पहिली तारीख. अख्खं गाव कबरस्तानात जमलेलं. या दिवशी पूर्वजांशी बोलायचं ते पतंगाच्या दोरीवरून, अशी गावाची रीत. एलीसेओच्या पूर्वजांना यंदा "आई गं!" एवढंच ऐकू गेलं असणार.

भिंतीखाली त्याची आतेबहीण नीदिया आणि शेजारची ओतीलिया उभ्या होत्या. ओतीलिया सूचना देत होती. नीदियाचं पतंगाकडे लक्षच नव्हतं. ती वेलीकडे टक लावून बघत होती. वेल नखशिखांत जांभळी झाली होती! पान शोधावं लागेल इतकी.

"हिला पाणी कोण घालतं?" नीदियाने विचारलं.

"भिंतीला? कोण घालणार?" ओतीलिया म्हणाली. "पाऊस संपला तो गेल्या महिन्यात."

"मग ही कशी फुलली? आणि आमची का नाही?"

हा प्रश्न साधा नव्हता. घराच्या अंगणातली बोगनवेल नीदियाच्या आईने लावली होती. नंतर आई एका मोठ्या प्रवासी बोटीवर स्वयंपाकाच्या कामाला गेली. नाताळात ती घरी येणार होती, कित्येक वर्षांनी. दर रविवारी फोनवर ती विचारायची, "माझी वेल फुलली का गं?" आणि नीदिया दर रविवारी सांगायची, "हो तर! भरभरून!" वेलीवर होती नुसती पानं. हिरवीगार, लठ्ठ, निर्लज्ज पानं.

त्यात एलीसेओच्या बाबांनी, म्हणजे नीदियाच्या रिगोमामाने, जाहीर केलं होतं, "सात डिसेंबरपर्यंत फुलली तर ठीक. नाही तर सैतानाबरोबर जाळणार! तिथे माझी गाडी उभी राहील."

सात डिसेंबरच्या संध्याकाळी गावात प्रत्येक घर आपली अडगळ रस्त्यावर काढून पेटवतं. घरात लपलेला सैतान त्यात जळतो म्हणतात. रिगोमामाच्या अडगळीत दरवर्षी अशा वस्तू निघायच्या, ज्या घर सांभाळणारी चोनामावशी दुसऱ्या दिवशी शोधत असायची. तेव्हा धमकी पोकळ नव्हती.

घरी येताच तिघांनी वेलीचं बूड तपासलं. माती ओली! नुसती ओली नव्हे, चिखल!

"पण चोनामावशीने तर सगळ्यांना बजावलंय, नळाला पाणी कमी येतं, झाडांना घालू नका!" एलीसेओ म्हणाला.

"म्हणजे कुणीतरी चोरून घालतंय," ओतीलियाने डोळे बारीक केले. ती मोठेपणी पोलीस होणार होती, त्यामुळे डोळे बारीक करायचा सराव तिने आधीच सुरू केला होता. "मठाची वेल तहानलेली, म्हणून फुलली. ही पिऊन पिऊन आळशी झालीय. कुणीतरी मुद्दाम फुलू देत नाहीये!"

"पाणी घालून मारायचं?" एलीसेओ गोंधळला. "म्हणजे चांगलं करून वाईट करायचं? असं कोण करेल?"

"ज्याला गाडी उभी करायचीय तो!"

एलीसेओने बापाची बाजू घ्यावी की नाही याचा विचार केला आणि तूर्त एक केळं खाल्लं.

युक्ती नीदियाला सुचली. नाताळच्या देखाव्यासाठी चोनामावशीने रंगवलेल्या लाकडी भुशाच्या पिशव्या फळीवर ठेवल्या होत्या. तिघांनी स्वयंपाकघराच्या दारात लाल भुसा पसरला, रिगोमामाच्या खोलीसमोर पिवळा आणि ओतीलियाच्या घराकडे उघडणाऱ्या बाजूच्या फाटकात निळा. ज्याचे पाय वेलीपर्यंत जातील, त्याचा रंग चिखलाला चिकटेल. गुन्हेगार एक, रंग एक. सोपं!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं वेलीपाशी वाकली आणि तशीच वाकून राहिली.

चिखलात लाल होता. पिवळा होता. निळाही होता! मध्ये तर तिन्ही मिसळून वरणासारखा एक चौथाच रंग झाला होता.

"तिघे मिळून कट करतायत?" एलीसेओ कुजबुजला.

"वेडा आहेस का! माझे बाबा आणि तुझे बाबा बोलतात तरी का एकमेकांशी?" ओतीलिया म्हणाली. ते खरं होतं. ओतीलियाचे बाबा, फेर्मीनकाका, चर्चची घंटा वाजवत, पहाटे. रिगोमामा झोपत, पहाटेच. मैत्रीला जागाच नव्हती. "थांब, पण निळा रंग म्हणजे फाटक... म्हणजे माझेच बाबा?"

"आणि पिवळा माझे!" एलीसेओ म्हणाला. गुन्ह्यात सोबत मिळाल्याने त्याला जरा बरं वाटलं.

मग पहारा ठेवण्याशिवाय इलाज नव्हता. तिघं कपडे धुण्याच्या टाक्यामागे लपली. सकाळी चोनामावशी प्रार्थनेहून आली. इकडेतिकडे बघितलं, पदराआडून काढावा तसा शालीखालून तांब्या काढला आणि वेलीला पाणी घातलं. "मारियामाते," ती पुटपुटली, "नवस बोलल्याप्रमाणे रोज पाणी घालतेय. पोरीची आई यायच्या आत हिला फुलव. आणि कुणाला कळू देऊ नकोस हं!"

नीदियाने तोंडावर हात दाबला. या गावात नवस असा असतो: बोलायचा फक्त मारियामातेला. माणसाला कळला, की फुकट!

दुपारी जेवणानंतर अंगण पेंगत असताना फेर्मीनकाका फाटकातून आले. चवड्यांवर. हातात बादली. नवस तोच, फक्त जरा लांबलचक. चर्चमध्ये वावर होता ना.

आणि संध्याकाळी? डबा घेऊन रिगोमामा!

"बाबा?" एलीसेओच्या तोंडून निघणार होतं, तेवढ्यात ओतीलियाने त्याच्या तोंडात पाव कोंबला. या बाबतीत ती फार तयारीची होती.

"माते," रिगोमामा घसा खाकरून म्हणाला, "तोडायची तर तोडेनच, शब्द म्हणजे शब्द. पण बहीण आली की निदान सांगता यायला हवं, रोज पाणी घातलं होतं म्हणून. तेव्हा फुलवता आली तर बघ." आणि अख्खा डबा उपडा केला.

मामा गेल्यावर तिघं टाक्यामागून बाहेर आली.

"म्हणजे सगळे चांगलेच आहेत," नीदिया म्हणाली. "आणि सगळे मिळून तिला बुडवतायत."

"सांगून टाकू त्यांना!"

"सांगितलं तर नवस फुकट! आणि थांबा म्हटलं तर नवस मोडला! चोनामावशी तर आजारीच पडेल."

"पण आपण ऐकला की," एलीसेओ म्हणाला. "म्हणजे आत्ताच फुकट गेला ना?"

"आपण ऐकल्याचं त्यांना कुठे माहितीय?"

"मारियामातेला माहितीय!"

शेवटी ओतीलियाने डोळे इतके बारीक केले की ते मिटलेच. "नवस पाणी घालायचा आहे. ते वेलीने प्यायलाच हवं, असं कुणी बोललंय?"

रविवारी मोठी माणसं बाजाराला गेली आणि रिगोमामाच्या गाडीवरची ताडपत्री नाहीशी झाली. तिघांनी वेलीच्या बुंध्याभोवतीची माती वरवर काढली, ताडपत्री उतरती अंथरली, पन्हाळ करून तिचं टोक समोरच्या मांडवाकडे नेलं आणि वर पुन्हा मातीचा थर दिला. समोरच्या मांडवावर चोनामावशीचा गुईस्किलचा वेल होता. गुईस्किल म्हणजे हिरवं, सुरकुतलेलं फळ, चवीला दुधीचा चुलतभाऊ. नवस तिघांचे, पाणी गुईस्किलला!

त्या दिवसापासून रिगोमामा ताडपत्री शोधू लागला. शोधताना तो रोज तिच्यावरच उभा असे आणि पाणी घालत असे.

पण मग वेलीची पानं गळू लागली! आधी थोडी, मग पसाभर. मोठी माणसं घाबरली आणि प्रत्येकाने गुपचूप पाणी दुप्पट केलं. गुईस्किल सुटला! मांडव वाकला. घरात गुईस्किलचं सार, गुईस्किलची भाजी, भरलेलं गुईस्किल. एलीसेओसुद्धा "पुरे" म्हणाला, यावरून काय ते ओळखा.

"आपणच मारली तिला," नीदिया उघड्या फांद्यांकडे बघून म्हणाली. "पाण्याने तरी हिरवी होती." पुढच्या फोनवर आईने विचारलं तेव्हा "भरभरून!" म्हणताना तिचा आवाज फाटला. "सर्दी झालीय," ती म्हणाली.

सात डिसेंबर उजाडला. संध्याकाळी गावभर दारोदार अडगळीचे ढीग लागले. मोडक्या टोपल्या, जुनी झाडणी, आणि रिगोमामाने चोनामावशीची चांगली खुर्चीसुद्धा ढिगात ठेवली होती. आता तो कोयता घेऊन अंगणात आला. मागे चोनामावशी, पदोपदी नाक पुसत. फाटकात फेर्मीनकाका, दुसरीकडेच बघत.

"शब्द म्हणजे शब्द," रिगोमामा म्हणाला, पण कोयता बराच वेळ वर गेला नाही. अखेर गेला.

"मामा! थांबा! वर बघा!"

नीदिया बुंध्याला मिठी मारून उभी होती. काटे टोचत होते, पण तिचं बोट वर होतं.

गेले कित्येक दिवस तिन्ही मोठी माणसं वेलीच्या मुळाशीच बघत होती. चोरून पाणी घालणारा माणूस वर बघत नाही. आता सगळ्यांनी माना वर केल्या. अंगणाच्या भिंतीच्या माथ्यावर, रस्त्याच्या बाजूला, उघड्या फांद्यांच्या टोकाटोकावर जांभळा रंग फुटला होता! झुबकेच्या झुबके!

रिगोमामाच्या हातून कोयता सुटला आणि मातीत रुतला. आवाज आला, टर्रर्र!

मातीला असा आवाज नसतो. मामाने वाकून माती सारली. "माझी ताडपत्री!"

मग सगळं सांगणं भागच होतं. भुसा, टाक्यामागचा पहारा, पन्हाळ, सगळं. ऐकताना तिन्ही मोठी माणसं एकेक करून लाल झाली.

"तूही?" चोनामावशीने मामाला विचारलं.

"तुम्हीही?" मामाने फेर्मीनकाकांना विचारलं. त्यांच्याशी बोललेला हा त्याचा बऱ्याच वर्षांतला पहिला शब्द.

"पण नवस सांगितला गेला," फेर्मीनकाका कावरेबावरे होऊन म्हणाले. "फुकट!"

"काही फुकट नाही!" चोनामावशी कडाडली. "फुलल्यावर कळला तर चालतो. आणि नवस फेडला या पोरांनी! आपण तिघांनी मिळून माझ्या नीदियाच्या आईची वेल बुडवली असती. यांनी आपला शब्दही मोडू दिला नाही आणि वेलही वाचवली. शाबास रे पोरांनो! रिगो, ती खुर्ची आधी ढिगातून काढ."

"शाबास," रिगोमामा म्हणाला आणि नीदियाच्या हातातले काटे काढू लागला. "पण ताडपत्री फाडली कुणी?"

"तुम्ही!" तिघं एका सुरात ओरडली.

रस्त्यावर ढीग पेटले. तेवढ्यात फोन वाजला. रविवार नव्हता, पण बोट बंदराला लागली होती.

"काय गं, माझी वेल फुलली का?" आईने विचारलं.

"हो आई! आजच फुलली!"

"आजच? मग गेल्या रविवारी भरभरून काय आलं होतं?"

नीदियाने मांडवाकडे बघितलं आणि अगदी खरं तेच सांगितलं.

"गुईस्किल!"