दोघांपुरती वाकळ

"ओ डायवर, थांबा. आधी पावडर, मग पाणी."

नरसिंगनं टँकरचा पाइप विहिरीत सोडला होता आणि हात कॉकवर ठेवला होता. त्यानं मान वळवून पाहिलं. पांढऱ्या साडीतली एक नर्स हातात बादली घेऊन तरातरा चालत येत होती. ऊन तिच्या डोळ्यांवर आलं होतं, कपाळाला आठ्या होत्या.

"बाई, मला अजून बाकीची गावं करायची हायत."

"करा की. कोण नको म्हणतंय? पण गावाला जुलाब लागले तर तुमच्याच टँकरात घालून लातूरला न्यावं लागंल मला."

विहिरीवर घागरी घेऊन थांबलेल्या बायका हसल्या. नरसिंग उगाच कॉक पुसत राहिला. तिनं बादलीतलं पावडरचं निवळलेलं पाणी विहिरीत ओतलं, साडीला हात पुसले आणि म्हणाली, "सोडा आता."

लातूरचा जिल्हा होऊन थोडेच महिने झाले होते. टँकरच्या दारावरचं 'उस्मानाबाद' खरवडून काढलं होतं, पण तिथं 'लातूर' लिहायला अजून पेंटर मिळाला नव्हता. त्या साली पावसानं मृगात तोंड दाखवलं आणि जी पाठ फिरवली ती फिरवलीच. बोरखेडीची विहीर दसऱ्यालाच आटली, आणि नरसिंग एक दिवसाआड टँकर घेऊन तिथं यायला लागला. तो मूळचा उमरीचा. ती पंचशीला, नांदेडची, बोरखेडीच्या उपकेंद्रात नवी आलेली. आपण दोघं गोदावरीकडची माणसं, हे कळल्यावर बोलायला निमित्त लागेना.

"उमरीची माणसं इतकी गप्प असतात का?" ती विचारायची.

"नांदेडची बोलून देतात ना… मग आम्हाला काय काम?"

पाणी पडायचा धो-धो आवाज चालू असायचा. त्यामुळं जवळ उभं राहिल्याशिवाय ऐकू यायचं नाही. आणि टँकर रिकामा व्हायला लागला, की नरसिंगला वाटायचं, अजून थोडं पाणी असतं तर बरं झालं असतं.

थंडी पडली. एका सकाळी पंचशीला स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून उभी होती. डोळे तांबारले होते.

"झोप न्हाई झाली वाटतं."

"सरकारी कांबळं हाय. टोचतं लई, ऊब काही देत न्हाई." मग ती विहिरीत बघत म्हणाली, "आई होती तवर तिनं शिवलेली वाकळ होती. आई गेली. वाकळ बी विरून गेली."

नरसिंगनं कॉक बंद केला. पाइप गुंडाळून झाल्यावर तो विहिरीजवळच्या सरजाबाईच्या ओसरीवर गेला. गावातल्या निम्म्या वाकळा या म्हातारीच्या हातच्या होत्या.

"मावशी, एक वाकळ शिवून द्याल का?"

"डोळ्याला सुई दिसत न्हाई बाबा आता. तू शिव, मी सांगते."

"मी?"

"येवढी गाडी वळवतोस, सुई वळवायला काय होतंय? बरं, एकाची करायची का दोघांची?"

नरसिंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"दोघांची," तो म्हणाला.

सरजाबाईनं उपकेंद्राच्या दिशेनं मान वळवली, मग त्याच्याकडं पाहिलं. "हां," येवढंच म्हणाली, आणि थर कसे घालायचे, टाका कसा धरायचा, ते सांगायला लागली.

जुन्या कापडासाठी तो उमरीला गेला. त्याची आई, कोंडाबाई, आधी म्हणाली, "टँकर पुसायला पाहिजे का?" लेकाचं तोंड बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. आतल्या थरांना विटकी लुगडी दिली. मग पेटी उघडून तळातून हिरवं लुगडं काढलं, लाल काठाचं, घडी न मोडलेलं.

"हे चांगलं हाय, आई. कशाला?"

"वरून लाव. आपल्या बौद्ध लग्नात नवरी पांढरंच नेसंल. पांघरायला तरी रंग असू दे."

"अजून तिला विचारलं न्हाई मी."

"मग विचार. मुक्यानं शिवून देशील, अन् ती म्हणंल, डायवर भला माणूस हाय. संपलं."

टँकर जिथं भरायचे तिथं पंप सारखा बंद पडायचा. वीज येईपर्यंत बाकीचे डायवर पत्ते खेळायचे. नरसिंग केबिनमध्ये बसून टाके घालायचा. निलंग्याकडचा बसवराज खिडकीतून डोकावून म्हणायचा, "नरसिंग, माझ्या पायजम्याचं बी बघ की, जरा उसवलाय." सगळे हसायचे. नरसिंगही हसायचा, आणि हसता हसता सुई बोटात घुसायची.

"बोटाला काय झालं?" पंचशीलानं एकदा विचारलं.

"पाना लागला."

तिनं त्याचं बोट हातात धरून उजेडाकडं केलं. बोटं थंडगार होती तिची. "लई बारीक पाना दिसतोय," ती म्हणाली. बोट लगेच सोडलं नाही… नरसिंगनंही काढून घेतलं नाही.

वाकळ निम्मी झाली होती, तेव्हा एका सकाळी ती बादली खाली ठेवत म्हणाली, "रविवारी दादा येणार हाय. नांदेडला न्यायला. रेल्वेत हाय म्हणं एक मुलगा… बघायला येणार हायत ते."

पाणी पडत होतं. नरसिंगला वाटलं, आता बोलावं. "मग… जाणार?"

"दादा न्यायला आल्यावर जावं लागतं." ती थांबली. "तुम्हाला काही म्हणायचं होतं का?"

"न्हाई… म्हणजे, पंपावर पाणी कमी येऊन राहिलं आजकाल."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. बादली तिथंच राहिली.

रविवारपर्यंत नरसिंगनं पंपावर, ढाब्यावर, जिथं गाडी थांबेल तिथं टाके घातले. रविवारी सकाळी वाकळ खांद्यावर टाकून तो एसटीनं बोरखेडीला आला. उपकेंद्राच्या ओट्यावर खुर्ची टाकून एक चष्मेवाले गृहस्थ पेपर वाचत होते. पंचशीलाचे मोठे भाऊ, साहेबराव.

"जय भीम," नरसिंग म्हणाला. "मी इथं पाणी आणतो."

"आज वाकळ आणली वाटतं," साहेबराव म्हणाले.

पंचशीला दारात आली होती. तिनं वाकळ घेतली आणि ओट्यावरच्या बाजेवर पसरली. हिरवं लुगडं बाज झाकून दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं. ती टाक्यांवरून बोट फिरवत गेली.

"कुणी शिवली?"

"मी."

"इकडं टाके नागमोडी हायत. तिकडं सरळ."

"इकडून सुरुवात केली होती."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "अन् येवढी मोठी कशाला? मी तर एकटीच हाय."

नरसिंगनं साहेबरावांकडं पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडं.

"म्हणूनच," तो म्हणाला.

साहेबरावांनी चष्मा काढला. आता गप्प राहून चालणार नाही, हे नरसिंगला कळलं. तो सरळ तिच्याकडं बघून म्हणाला, "मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमची मर्जी असली तर. नसली तरी वाकळ ठेवा… थंडी लई हाय."

पंचशीलानं लुगड्याचा लाल काठ मुठीत धरला होता. तो तिनं सोडला नाही.

"नोकरी पक्की हाय का?" साहेबरावांनी विचारलं.

"न्हाई. पाऊस आला की टँकर बंद. एसटीत अर्ज केलाय, अजून काही कळलं न्हाई."

"म्हणजे पाऊस येऊ नये म्हणायचं आम्ही."

"यावाच," नरसिंग म्हणाला. "मी दुसरं काम बघीन."

"दादा," पंचशीला हळूच म्हणाली, "माझी नोकरी पक्की हाय."

साहेबरावांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. "अन् त्या रेल्वेवाल्यांना काय सांगू?"

"येऊ नका म्हणून सांगा." मग ती नरसिंगकडं वळली. "पुढच्या खेपेला आईंना घेऊन या. टँकरात नका बसवू, एसटीनं आणा."

"हाव," तो म्हणाला. नमस्कार करून तो पायऱ्या उतरला आणि फाटकाची कडी काढायला लागला.

"अहो," मागून पंचशीलाचा आवाज आला. "चहा ठेवलाय."

नरसिंगचा हात कडीवरच राहिला. साहेबरावांनी पेपर उचलून तोंडापुढं धरला.